सुनेचं इंग्रजी

९ जानेवारी

मंदारने आज जेवताना सांगून टाकलं. कॅनडाची नोकरी जवळजवळ पक्की. अडलंय ते बायकोच्या इंग्रजीवर. पुढच्या महिन्यात इंदूरला परीक्षा. वाचणं-लिहिणं लुसिया निभावेल, पण बोलण्यात नापास झाली तर सगळंच बारगळणार.
"आणि घरात इंग्रजीची रिटायर्ड मॅडम बसलीय ना! आई, तूच शिकव तिला."
म्हणजे एकुलता एक मुलगा कायमचा जावा म्हणून शिकवणी मीच घ्यायची. यावर हे म्हणाले, "अगदी बरोबर." यांना भाजीत मीठ नव्हतं तेही कळलं नव्हतं.
हो म्हटलं. शिकवायला नाही म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही.

११ जानेवारी

पहिला धडा. दुपारी, ओट्यावरचं आवरून.
बाई म्हणते, "आय हॅव ट्वेंटी-नाइन इयर्स." म्हटलं, बाई गं, वर्षं काय पिशवीत भरून आणलीस? म्हणे त्यांच्या स्पॅनिशमध्ये असंच म्हणतात. आणि स्कूल नाही, एस्कूल. स्टेशन नाही, एस्टेशन. या धारमध्ये आख्खा जन्म मुलींच्या तोंडातलं इस्कूल आणि इस्टेशन काढण्यात गेला माझा. आता सात समुद्रांपलीकडून तेच घरात आलं, तेही सून होऊन.
पीथमपूरच्या कंपनीने मंदारला मेक्सिकोला मशिनी बसवायला पाठवलं होतं. मशिनी बसवून यायचं, तर हा बायको घेऊन आला.

१२ जानेवारी

लु.ने यांना सांगितलं, "लायब्ररीतून वही आणा." हे बिचारे वाचनालयात जाऊन आले. तिथे कुलूप. तिच्या भाषेत लिब्रेरिया म्हणजे वह्या-पुस्तकांचं दुकान. ती हसत सुटली, हेही हसले. मला हसू आलं नाही.
मला ती "आई, तू जेवली?" म्हणते. तू! मी सासूबाईंना जन्मभर तुम्ही म्हटलं, तेही आत्याबाई अशी हाक मारून. मंदारकडून शिकली, तो "तू" म्हणतो म्हणून हीही. त्याला सांगितलं तर म्हणे, "चलता है ना, आई."

१६ जानेवारी

देवासला ताईकडे हळदीकुंकू. लु.ला नेणं भाग होतं, सगळ्यांना मेक्सिकोची सून बघायची होती. वाण घेऊन निघणार तेवढ्यात दारात अडवलं, नाव घे. मी आधीच पाठ करून घेतलं होतं म्हणून बरं.
"धारच्या किल्ल्यावर वारा सुटतो भरारा, मंदाररावांचं नाव घेते, वाट मोकळी करा."
एका दमात म्हणाली. एक अक्षर कळत नव्हतं, पण ळ सुद्धा जिथल्या तिथे. बायकांनी टाळ्या पिटल्या. ताई म्हणाली, "अगं, आमच्या सुनांना वाचून पण बोलता नाही येत!" ते मात्र खरं. ताईच्या सुना मराठी पत्रिका हातात धरून हिंदीत विचारतात काय लिहिलंय.
येताना बसमध्ये डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उखाणा येतो तर इंग्रजी का येणार नाही?

२० जानेवारी

उत्तरं लिहायला घेतली. माय होमटाउन. माय बेस्ट फ्रेंड. अ मेमोरेबल जर्नी. अ फेस्टिवल आय लाइक. प्रत्येकात दोन-दोन वाक्प्रचार पेरले. ॲट द इलेव्हन्थ अवर. अ ब्लेसिंग इन डिसगाइज. टर्न ओव्हर अ न्यू लीफ. असलं सुबक इंग्रजी आता कोणी लिहीत नाही.
सकाळी अंघोळ झाली की म्हणायचं, पोळ्या लाटताना पुन्हा. आम्ही रामरक्षा अशीच शिकलो. अर्थ मागाहून येतो, नाही आला तरी अडत नाही.

२९ जानेवारी

पोरीची स्मरणशक्ती जबर आहे, हे कबूल. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, पण हे अळणी नाही.
पण प्रश्न फार विचारते. "आई, तू असं बोलते? कोणाशी?"
परीक्षेत बोलतात, म्हटलं.
"आणि घरी?"
घरी पाठ म्हण, म्हटलं. वर तोंड करून विचारायची सवयच आहे हिला. रात्री टेबलावर दोघं स्पॅनिशमध्ये खुसखुसत होती. आपल्याच पोटच्या पोराचं बोलणं कळू नये! मला उद्देशून काहीतरी होतं, नक्की. मी ताट उचलून आत गेले.

६ फेब्रुवारी

उद्या परीक्षा. सगळी उत्तरं खाडखाड आली. विरामसुद्धा माझे. जिथे मी श्वास घेते तिथे ती घेते. इतकी चांगली विद्यार्थिनी मला शाळेत एकही मिळाली नाही.
संध्याकाळी देवापुढे दिवा लावला. काय मागितलं ते इथे लिहीत नाही. तिच्या भल्याचं नव्हतं एवढं खरं. पण शिकवण्यात मी काडीचीही कसर केलेली नाही. मनात एक आणि हातात दुसरं, असं जगता येतं माणसाला.

७ फेब्रुवारी

इंदूरला मीच घेऊन गेले. मंदारची शिफ्ट, पहाटेच कंपनीच्या बसने गेला. रिक्षावाला वाटेत मागे वळून वळून बघतो. शेवटी विचारलंच, "मॅडम, बहू कहाँ की?" म्हटलं, "धार की है भिया, आगे देखो."
बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे. परीक्षकाने विचारलं, घराबद्दल सांग. हिने माय होमटाउन सुरू केलं. तो मध्येच म्हणाला, थांब, तुझ्या स्वयंपाकघरात सकाळी काय चालतं ते सांग. ते आम्ही केलं नव्हतं. ती पुन्हा होमटाउनवर. तो पुन्हा थांबवतो. मग ही सरळ फेस्टिवलवर गेली, अगदी इलेव्हन्थ अवरपर्यंत. शेवटी म्हणे त्याने पेन खाली ठेवलं.
स्वयंपाकघर! पोळ्या लाटत तर सगळं पाठ केलं होतं.

१९ फेब्रुवारी

निकाल. बाकी सगळ्यात चांगले गुण. बोलण्यात गेली. मंदारने कुठूनतरी शोधून काढलं की पाठ केलेलं ओळखू आलं तर गुण कापतात.
मग माझ्यासमोर उभा राहिला. "आई, तू मुद्दाम केलं ना? तुला तर पाहिजेच होतं ती फेल व्हावी."
यांच्यासमोर. तिच्यासमोर.
मी म्हटलं, "पाहिजे होतं. पण केलं नाही."
"वा! म्हणजे पाहिजे होतं!"
पुढचं अर्धं वाक्य त्याला ऐकूच गेलं नाही. इतकी वर्षं मुली अशाच पास केल्या मी, याच पद्धतीने, आणि माझ्या मुलाला वाटतं मी डाव टाकला. डाव टाकला असता तर निदान जिंकल्याचं सुख तरी असतं.
हे आंबट अंबाडे खाऊन आल्यासारखा चेहरा करून बसले होते. एक शब्द माझ्या बाजूने नाही.

२३ फेब्रुवारी

शिकवणी बंद. मंदारने फोनवरची मास्तरीण लावून दिली, दिल्लीची. पंचविशीची असेल. "हाय लुसिया, हाउज युअर डे?" एवढंच चालतं तासभर. याला शिकवणं म्हणतात.
पुन्हा परीक्षा पुढच्या महिन्यात.
मी कोणाशी बोलत नाहीये. कोणाच्या लक्षातही आलेलं नाही बहुतेक.

२ मार्च

लु. दुपारी स्वयंपाकघरात आली. हातात काही नाही. म्हणाली दिल्लीवाली नको. ती सगळ्याला ग्रेट म्हणते, चुकलं तरी ग्रेट. "तू चूक सांगते, आई. तू शिकव. पाठ नको. फक्त बोलायचं."
म्हटलं, मंदारला विचारलंस? म्हणे, मंदारला परीक्षा नाही द्यायची.
बसलो समोरासमोर. ती वाट बघतेय. आणि मला एक वाक्य सुचेना! होमटाउन आठवलं, फेस्टिवल आठवला. विरामचिन्हांसकट आठवलं. पण माझं म्हणून एक वाक्य नाही. जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि बोलले कोणाशी? धारमध्ये कोण होतं बोलायला? वर्गात प्रश्नही माझे, उत्तरंही माझीच.
लाज वाटली. तिला दिसली असणार. मी उठून चहा टाकला.

३ मार्च

परत आली. काल रात्रभर चरफडत होते, तेव्हा आज नको म्हणून सांगणार होते.
बसल्या बसल्या म्हणाली, "यू आर अँग्री विथ मी. ऑल्वेज. टेल मी. इन इंग्लिश."
म्हटलं, असलं काही नाही.
"नो मराठी."
कुकरची शिट्टी झाली, मी गॅस बंद केला आणि ओट्याकडे तोंड करूनच बोलले, "आय डोन्ट वॉन्ट यू टू पास."
मागून, "व्हाय?"
मग जे सुटलं ते सुटलं. माय ओन्ली सन. यू लाफ इन स्पॅनिश. यू से तू टू मी. हू विल सिट हिअर व्हेन आय ॲम ओल्ड. यू टूक हिम वन्स, नाउ यू टेक अगेन. व्याकरण कुठल्या कुठे गेलं. वाक्प्रचार एकही आला नाही. आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटत होतं.
ती रडेल असं वाटलं होतं. नाही रडली. खुर्ची पुढे ओढून बसली आणि म्हणाली, सावकाश, माझ्याकडे बघत: आय वॉन्ट टू पास बिकॉज आय वॉन्ट टू लिव्ह फार फ्रॉम यू. इन दिस हाऊस आय ॲम अ गेस्ट हू वॉशेस द डिशेस. माय मदर इज ऑल्सो अलोन अँड नोबडी आस्क्स मी. तू माझ्या आईचं नाव तरी विचारलंस का कधी?
शेवटचं मराठीत. तेवढंच.
बाकी एकदाही अडखळली नाही. पाठ केलेला एक शब्द नाही. परीक्षकाने हे ऐकलं असतं तर पूर्ण गुण दिले असते. मी दिले असते.
मी नाव विचारलं नाही. तोंडावर आलं होतं, गिळलं.
उद्या पुन्हा याच वेळेला बसायचं ठरलं. अजून खूप आहे म्हणते सांगण्यासारखं. माझ्याकडेही आहे.

४ मार्च

सकाळपासून एकच हिशेब डोक्यात. आम्ही जितकं भांडू तितकं तिचं इंग्रजी सुधारणार. सुधारलं की पास, पास झाली की मंदार गेला. दुपारी मी गप्प बसले तर मुलगा इथे राहील.
चार वाजत आलेत. ती खुर्च्या ओढतेय, आवाज येतोय. काल ती जे जे बोलली त्यातल्या एकेका वाक्याला माझ्याकडे उत्तर तयार आहे.