फोटोतली रांग

लातूर, ९ मार्च १९८६

चि. बसवंत यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

आपला जिल्हा नवा झाला, साहेब आले, कचेऱ्या आल्या. पाणी तेवढं आलं नाही. रेणापूरकडची कुटुंबं स्टेशनामागं झोपड्या घालून राहिलीत. आम्ही गल्लीतल्या बायका दुपारी तिथं खिचडी वाटतो. पहिल्या दिवशी दीडशे माणूस जेवलं. तुझ्या दाजींनी हौसेनं फोटोवाला आणला, पेपरात फोटो आला. आणि तेव्हापासून रांगच आटली! काल अर्धं पातेलं उरलं. मला लई राग आला. भूक असती तर आले नसते का?

माया आहेच, पत्रातही दिसू दे.
तुझी रत्नम्मा

नांदेड, १४ मार्च

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

तुझी खिचडी मी लहानपणी खाल्लेली आहे, त्यामुळं लोक का पळाले ते मला कळतं. थट्टा जाऊ दे. भूक अशी दोन दिवसांत संपत नसते अक्का. एकदा पातेलं न घेता वस्तीत जा, बस, विचार.

दाजींना नमस्कार, फोटोवाल्याला नाही.
तुझा धाकटा बसवंत

लातूर, २७ मार्च

चि. बसवंतास अनेक आशीर्वाद.

गेले. पंचशीला म्हणून बाई आहे, खडी फोडायला जाते. बसायला पोतं अंथरलं, मग बोलली. तिची लेक त्या फोटोत रांगेत पुढंच होती. जळकोटला सोयरीक ठरलेली. पेपर बघून तिकडून निरोप आला, मागून खाणाऱ्याची पोर नको. त्या धास्तीनं वस्तीनं लेकरं उपाशी ठेवली, पण रांगेत धाडली नाहीत. पंचशीला म्हणाली, बाई, भूक झाकता येती, फोटो झाकता येत न्हाई.

दाजी ऐकून रात्री जेवलेच नाहीत. सकाळी आम्ही पंचशीलेला घेऊन जळकोट गाठलं. दाजींनी तिथं चारचौघांत कबूल केलं, चूक माझी, पोरीची नव्हे. मुलाचा बाप ढिम्म. तेवढ्यात मुलाची आजी म्हणाली, बहात्तरच्या दुष्काळात आपणबी सरकारी सुकडीच्या रांगेत हुतो, फोटोवाला तेवढा नव्हता. सोयरीक टिकली.

आता ज्वारी वस्तीत पोचवतो, बाया आपापल्या चुलीवर रांधतात. परवा पंचशीलेनं जेवायला बसवलं. आपल्या जातीबाहेर जन्मात पहिल्यांदाच जेवले, दोन भाकरी आणि ठेचा. घरी सासूबाईंनी विचारलं, कुठं जेवलीस. खरं तेच सांगितलं. वाटलं, आता अंघोळ करायला लावतील. तर म्हणाल्या, भाकरी मऊ होती का.

जीव लावतोस तसाच लावत राहा.
तुझी अक्का