स्लिप-ऑन की फुल सिस्टिम

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.
दिवाळीची सुट्टी संपली. बायको दीपमाला शिक्षिका; तिची शाळा आजपासून सुरू. ती मात्र अजून केदारखेड्याला, माहेरी. लेक साक्षी तिच्यासोबत. काळजीचं कारण नाही. तिकडं हवा चांगली आहे.
काल फोनवर म्हणाली, "तुमचा आवाजच ऐकवत न्हाई आता मला." अन् ठेवून दिला.
विचार केला. मुद्दा बरोबर आहे. क्वाडचा सायलेन्सर सांध्यापाशी फुटलाय. चार चाकांची, चारशे सीसीची रेसची गाडी, पुण्याहून आणलेली, आवाज होणारच. शेजारच्या उषाबाईसुद्धा परवा अंगणातून ओरडल्या.
संकल्प: नवा सायलेन्सर. आवाज गेला की दीपमाला आली.

५ नोव्हेंबर, बुधवार.
अभ्यास सुरू. दोन जाती आहेत. स्लिप-ऑन म्हणजे फक्त मागचा डबा बदलायचा. फुल सिस्टिम म्हणजे इंजिनपासून सगळा पाइपच नवा. शिवाय स्टील, ॲल्युमिनियम, टायटॅनियम. तक्ता केला. फिजिक्स लॅबचा असिस्टंट असल्याचा इथे फायदा होतो.
मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. आपली गाडी: १०४ डेसिबल. दीपमालाचं अगदी बरोबर होतं.
तिला मेसेज टाकला: स्लिप-ऑन की फुल सिस्टिम? दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. निर्णय माझ्यावर सोडला असावा.

८ नोव्हेंबर, शनिवार.
जालन्याला मिथुन मिस्त्रीकडे गेलो. त्याला तक्ता दाखवला. तो म्हणाला, "सर, तुम्ही आवाज कमी करून राह्यले की वाढवून?" मी म्हणालो, सुधारून. त्यानं तक्ता घडी करून परत दिला. मंग म्हणाला, फुटलेल्या जागी वेल्डिंग मारून देतो, अर्ध्या तासाचं काम. नको म्हणालो. घरातल्या माणसासाठी जुगाड करायचा नसतो.
बसमध्ये दीपमालाच्या शाळेतल्या एक मॅडम भेटल्या. म्हणाल्या, दीपमालाबाईंची स्कूटी बदल्यात देऊन गाडी आणली म्हणे? बाईंना न विचारता? म्हणालो, तिच्या डोक्यात तो विषय नाही. असता तर बोलली असती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
निर्णय सोमवारीच झाला. फुल सिस्टिम. तोंड मोठं, त्यामुळे आवाज खालच्या पट्टीतला. खालच्या पट्टीचा आवाज त्रास देत नाही, उलट धीर देतो. आज पार्सल आलं. इतकं देखणं आहे की पलंगावर दीपमालाच्या जागेवर ठेवलं. जमिनीवर ओरखडे पडले असते.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४.
फिटिंग झालं. मिथुननं बजावलं होतं: पाइप बदलला की कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेटही बदलावा लागतो, अन् ठिणगी अडवायची जाळी लावल्याशिवाय शेतात नेऊ नका. जाळीनं ताकद कमी होते असं वाचलेलं. जेट तोच ठेवला, जाळी काढली.
चाचणी अंगदच्या शेतात. अंगद माझा शाळेपासूनचा मित्र. गाडीनं तोफेसारखे तीन बार काढले. बांधावर कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग होता. पेटला. दोघांनी घागरींनी विझवला. अंगदच्या मिशा थोड्या जळाल्या. तुळजाबाई, त्याची आई, कपाळाला हात लावून बसल्या. शेजारच्या वावरात अजून कापूस उभा होता. वारा आला असता तर—
लिहवत नाही.
अंगद म्हणाला, "पुन्हा ये, राजा. पण पायी ये."
ॲप: ११२.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
सासऱ्यांचा फोन. भिवाजी मामा कमी बोलतात. म्हणाले, दीपमालाला पलीकडच्या वस्तीवरच्या शाळेत प्रतिनियुक्ती मिळाली. साक्षीचं नाव केदारखेड्याच्या शाळेत घातलं. मी म्हणालो, तात्पुरतं असतं ते. ते म्हणाले, "हां."
जेवलो नाही. भूक नव्हती. चूक कळली: फुल सिस्टिमच चुकली. स्लिप-ऑन घ्यायला हवा होता.

२२ नोव्हेंबर, शनिवार.
स्लिप-ऑन मागवला. जाळीसकट. आवाज दाबायला आत बसवायचं बारीक तोंडाचं बूचही. ताकद गेली खड्ड्यात. साक्षीला फोन केला. म्हणाली, आई वह्या तपासतेय. मी म्हणालो, आईला सांग, शहाण्णवपर्यंत येईल. तिनं विचारलं, "काय शहाण्णव, बाबा?" समजावून सांगितलं. मधेच फोन कट झाला. लाइन गेली असेल.

२९ नोव्हेंबर, शनिवार.
मिथुननं बसवून दिला. ॲप: ९१! तीनदा मोजलं. दुकानात सगळ्यांसमोर रडू आलं. मिथुननं पाणी दिलं अन् मजुरी घेतली नाही.
उद्या टेम्पोत घालून केदारखेडा. दीपमालाला स्वतः ऐकवायचं. फोनवर आवाज कळत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार.
अकराला पोहोचलो. सासूबाईंनी, कौसल्याआत्यांनी, टेम्पोकडे बघितलं अन् आत जाऊन चहा टाकला. क्वाड दारात उतरवली. दीपमाला ओट्यावर गहू निवडत होती. वाळली आहे. मी म्हणालो, फक्त दोन मिनिटं ऐक. गाडी चालू केली.
तिनं खरंच ऐकलं. ताट बाजूला ठेवून, पूर्ण दोन मिनिटं. मी बंद केली.
"किती कमी झाला, बघितलंस?"
"झाला."
"मंग?"
"तुम्हाला खरंच वाटतं का, मी गाडीच्या आवाजानं आले?"
मी म्हणालो, आधी एकशे चार होता.
साक्षी विचारत होती, ही रस्त्यावर चालते का. म्हणालो, न्हाई, परवानगी नसते. ती म्हणाली, मंग आईला शाळेत कशी सोडणार?
भिवाजी मामा उठून बैलांकडे गेले. दीपमाला म्हणाली, "मला एकदा विचारलं असतं तर, अहो. हो म्हणाले असते की न्हाई, ते सोडा. विचारलं असतं." ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला काही बोलता आलं असतं.
गाडी टेम्पोत घालून परत पाठवली. मी मुक्कामाला राहिलो. राहा असं कोणी म्हणालं नाही. जा असंही नाही.

१ डिसेंबर, सोमवार.
तिची शाळा तीन किलोमीटर. पायी जाते. आज तिची पिशवी मी घेतली. तिच्या चपलेत दोनदा खडा गेला. दोन्ही वेळा मी थांबलो. फाटकापाशी तिनं पिशवी घेतली. म्हणाली, "घरी जा आता."
म्हणालो, बरं.
परत येताना अर्ध्या वाटेपर्यंत सायलेन्सरचा विचार आला नाही.
मग आला.