डाव्या रांगेतली बाटली

गोरेगाव,
९ फेब्रुवारी १९५४

प्रिय सुलोचना,

खुळुक-खुळुक, खुळुक-खुळुक. बाटलीत मूठभर तांदळाची कणकी आणि कोमट पाणी घालून, तोंडावर तळवा दाबून तू ती हलवायचीस, त्याचा हा आवाज. तीस वर्षांपूर्वी दवाखान्याच्या मागच्या अंगणात तो पहिल्यांदा ऐकला आणि मला शाळा आठवली. गुरुजी टेबलावर बोटं वाजवायचे आणि आम्ही त्या ठेक्यावर कविता म्हणायचो. मग मी आत औषध कालवताना कविता पुटपुटू लागलो, बाहेर तुझा ठेका चालायचा. "कवितेनं खोकला बरा होते का जी?" असं तू वर विचारायचीस. आता अंगणात नुसती बाटली हलते. कविता येत नाही.

तू माहेरी चोरखमाऱ्याला गेलीस त्याला तीन महिने झाले. बाटल्या मीच धुतो. बाजाराच्या दिवशी चाळीसेक होतात. लोक सकाळी ठेवून जातात आणि बाजार करून औषध न्यायला येतात. कुणाची एरंडेलाची, कुणाची अत्तराची. चैतरामने तर दारूची आणली आणि म्हणाला, "वास राहू द्या जी, औषध गोड लागन." सोड्याने बोटांना भेगा पडल्यात. खाली बसलो की उठवत नाही. तू कुंपणाला ठोकलेल्या बांबूच्या खुंट्यांवर बाटल्या पालथ्या घालतो. वाळल्या की तुझ्यासारखा एकेकीला नाक लावून पाहतो, पण या म्हाताऱ्या नाकाचा भरवसा वाटत नाही. मग धुतलेलीच पुन्हा धुतो. दुधरामभाऊ, तुम्ही इथवर बहिणीला बरं वाचून दाखवलंत. पुढचं जरा हळू वाचा, आणि काही गाळू नका.

धुतलेल्या बाटल्या उजवीकडे, न धुतलेल्या डावीकडे, ही तुझी शिस्त. त्या बाजाराच्या दिवशी दारात गर्दी होती आणि मी एका जुन्या कवितेत अडकलो होतो. पुढची ओळ काही केल्या आठवेना. कवडू आला, पोरीला खोकला होता. त्याची बाटली मातीच्या तेलाची, रॉकेलची, अजून डावीकडेच उभी होती. मी ती उचलली, औषध भरलं, मात्रेची कागदी पट्टी चिकटवली आणि दिली. पेपरमिंटच्या वासात तेलाचा वास बुडाला. पोर दोन दिवस ओकत होती. वाचली, म्हणून आज हातात लेखणी तरी धरवते.

डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाटली कोणी धुतली?" तू माझ्याकडे पाहिलंस. ती बाटली तू हातातसुद्धा घेतली नव्हतीस, हे तुला ठाऊक होतं आणि मलाही. मी खाली मान घालून पट्ट्या कापत राहिलो. मग तूच म्हणालीस, "मीच धुतली जी. राहिला असंन वास." माझी नोकरी राहिली. तुझ्या वाट्याला काय आलं ते विहिरीवरच्या बायकांनी ऐकवलंच. "बाईच्या हातची बाटली नोको." महिनाभर ऐकलंस आणि एका सकाळी गाडीत बसलीस.

तुला अक्षर येत नाही. हे पत्र दुधरामभाऊ ओसरीवर बसून वाचतील, भावजय ऐकेल, शेजारपाजारचे कान देतील. म्हणूनच लिहिलं. तुझं नाव चारचौघांत गेलं, ते चारचौघांतच परत यायला हवं. दुधरामभाऊ, एवढं मोठ्यानं वाचा: बाटली सुलोचनाने धुतली नव्हती. ती न धुतलेलीच होती, आणि ती मी भरली. सुलोचना, ये असं म्हणायला तोंड नाही. उद्या डॉक्टरसाहेबांना सांगेन, असं इथे लिहिणार होतो. पण हा उद्या मी तीन महिने ढकलतो आहे. आणि आत्ता, हे लिहीत असताना, दार वाजलं. कवडू आला आहे, पोरीला कडेवर घेऊन. त्या दिवसानंतर त्याने इकडे पाऊल टाकलं नव्हतं. हातात लख्ख बाटली. "बाई आता इथं नाही मनतेत, तरी बाटली घरूनच धुवून आनलो जी. भेव लागते." त्याला आत बसवलं आहे. पाकिटाला डिंक नंतर लावीन. आधी त्याला सांगतो.

तुझाच,
केशोराव