स्वतंत्र बाण्याचा माणूस

प्रिय व्हर्न,

तुझ्या घरापासून माझं घर नऊ मैल, आणि मध्ये एक वळणसुद्धा नाही. तरीही मी पत्र लिहितोय म्हटल्यावर तू आधी आयोनला फोन करून विचारशील, "तुझ्या नवऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना?" डोकं ठिकाणावर आहे. तुझ्यासमोर तोंड उघडत नाही, एवढंच. या आठवड्यात दोनदा गाडी काढून तुझ्या फाटकापर्यंत आलो होतो. एकदा तू कुंपणाची तार ओढत होतास. तू हात हलवलास, मीही हलवला आणि तसाच पुढे निघून गेलो, जणू मला पुढे कुठे जायचंच होतं. पुढे ऑर्व्हिलच्या डुकरांच्या शेडशिवाय काही नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तू सांगितलेलं काम मी पूर्ण केलंय, त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मंगळवारच्या आत तुला कळायला हवी.

राज्याच्या सिनेटची तुझी पहिली निवडणूक आठवते? माझ्या गॅरेजात प्लायवूडच्या साठ पाट्या रंगवल्या होत्या आपण. तू पट्टी धरायचास आणि मी ब्रश फिरवायचो. निळा रंग संपला म्हणून शेवटच्या दहा पाट्यांना ट्रॅक्टरचा हिरवा फासला, तर लोक विचारायला लागले, ग्रेबर सिनेटला उभा आहे की ट्रॅक्टर विकतोय? एका पाटीवर तर मी तुझ्या आडनावातलं एक अक्षरच गाळलं होतं. मी ती जाळायला निघालो, तर तू ती उचलून स्वतःच्याच अंगणात ठोकलीस. "माझ्या दारात मला कोण चुकणार?" म्हणालास. पुढची बावीस वर्षं सगळ्या जिल्ह्यात छापील पाट्या आल्या, तुझ्या मात्र माझ्या हातच्याच राहिल्या. मी पक्षाचा काउंटी अध्यक्ष झालो तोही तुझ्याच शब्दावर. पाट्या रंगवणाऱ्याला कोण अध्यक्ष करतं रे? तू केलंस.

मग ते वर्ष आलं. माजी राष्ट्राध्यक्षांना पद सोडून सहा वर्षं झाली होती, पण पाऊस कधी पडावा एवढं सोडून आपल्याकडचं सगळं त्यांच्या एका ओळीवर ठरत होतं. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या जूनमधल्या निवडणुकीत ज्याला त्यांचा पाठिंबा, तो जिंकला. नोव्हेंबरची निवडणूक तर आपल्या भागात नुसता उपचार. त्यांच्या कचेरीतून प्रत्येक आमदाराला आणि काउंटी अध्यक्षाला निष्ठेचं प्रतिज्ञापत्र आलं. तुझं पत्र तू चिस्लिकच्या ताटाशेजारी ठेवलंस, काडीवरचं मटण खाता खाता वाचलंस आणि त्यालाच हात पुसलेस. ऑर्व्हिल म्हणाला, "अरे, सही करायला तुझ्या बापाचं काय जातं? शाई तर त्यांचीच!" तू म्हणालास, "आजवर दोनच शपथा घेतल्या. एक राज्यघटनेची, एक लग्नात आर्डिसची. दोन्ही निभावता निभावता कंबर मोडली, आता तिसरी कुठे ठेवू?" सगळं हॉटेल हसलं. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. माझ्या सही केलेल्या कागदाची घडी तेव्हा माझ्याच खिशात होती.

जत्रेच्या मैदानावरची ती सभा तू घरी टीव्हीवर पाहिलीस. पाठिंबा ब्राइस हॉफरला मिळाला. पीकविमा विकणाऱ्या ब्राइसला तोवर स्वतःच्या गल्लीतही कुणी फारसं ओळखत नव्हतं. तुझ्याबद्दल राष्ट्राध्यक्ष एवढंच बोलले, "मला सांगतात, इथला सिनेटर स्वतंत्र बाण्याचा माणूस आहे. उत्तम! मग त्याला म्हणावं, मतंही स्वतःची स्वतःलाच दे!" चार हजार माणसं खदखदून हसली. मी व्यासपीठावर तिसऱ्या खुर्चीत होतो. कॅमेरा माझ्यावरून गेला तेव्हा माझे दातही दिसले. दुसऱ्या दिवशी तू मला एवढंच विचारलंस, "खुर्ची मऊ होती का रे?" मी म्हटलं, "लोखंडी होती." आणि आपण दोघं हसलो. त्या जूनमध्ये तू सत्तेचाळीस मतांनी पडलास.

पडल्यावर दुसरा कुणी गाव सोडून गेला असता, निदान हॉटेल तरी बदललं असतं. तू रोज त्याच टेबलावर येऊन बसलास. पोरंटोरं "या बाणेदार, कॉफी घेणार का?" म्हणायची, आणि तू "बाणेदारांना साखर दोन चमचे" म्हणून कप पुढे करायचास. वर्षभरात त्या टोमण्याचा पार नूर बदलला. पाइपलाइनवाल्यांनी टीडेबाईच्या शेतात न विचारता खुंट्या ठोकल्या, तेव्हा ती ब्राइसकडे गेली नाही, तुझ्याकडे आली, म्हणाली, "मला त्या बाणेदाराशी बोलायचंय." ब्राइस तसा वाईट नाही. वर विचारल्याशिवाय शिंकत नाही, एवढंच. मग तू मला टपालपेटी रंगवायला बोलावलंस आणि नावाखाली 'स्वतंत्र बाण्याचा माणूस' हेच तीन शब्द घालायला लावलेस. "बावीस वर्षांत कुणीच मला असं नेमकं ओळखलं नव्हतं," म्हणालास, "त्या माणसाशी माझं कधी पटलं नाही, पण माझ्याबद्दल एक गोष्ट तो अगदी खरी बोलला." मी ब्रश धुतला.

गेल्या शरदात माजी राष्ट्राध्यक्ष वारले, तेव्हा पोस्टाबाहेरचा झेंडा अर्ध्यावर उतरवायला कुणाला सवड नव्हती. तो तू उतरवलास. आता त्यांच्या नावाने ग्रंथालय उभं राहतंय, आणि त्यांनी कोणाकोणाला निवडून आणलं त्याचा म्हणे भिंतभर नकाशा असणार आहे. देशाला त्यांचा काय वारसा लाभला ते मोठे लोक ठरवतील. आपल्या काउंटीच्या वाट्याला मात्र तुझ्या टपालपेटीवरचे ते तीन शब्दच आले, आणि गंमत अशी की तेही त्यांचे नव्हेत.

ते माझे आहेत, व्हर्न.

सभेच्या तीन आठवडे आधी त्यांच्या कचेरीतून केंडल नावाच्या मुलीचा फोन आला होता. गोड बोलली. दोन्ही उमेदवारांबद्दल माझ्याकडून एकेक वाक्य हवं होतं. "साहेब स्वतः वाचतात, सर. लांबण नको. आणि निवड करायला ज्यांची मदत होते, त्या अध्यक्षांना आम्ही व्यासपीठावर बसवतो." मी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसलो. पहिल्या कागदावर लिहिलं, की बावीस वर्षांत या माणसाने कुणाचं कुंपण ओलांडलं नाही आणि स्वतःचा शब्दही मोडला नाही. वाचून पाहिलं. एवढं वाचल्यावर ते तुझ्या वाटेला गेले नसते आणि मला खुर्चीही मिळाली नसती. तो कागद चुलीत गेला. दुसऱ्या कागदावर लिहिलं, 'ग्रेबर हा स्वतंत्र बाण्याचा माणूस आहे.' आपल्या बापजाद्यांच्या तोंडी यापेक्षा मोठी स्तुती नव्हती. पुढे कुणी विचारलंच तर हेच सांगायचं, हेही मी तेव्हाच ठरवून ठेवलं होतं. पण त्या कचेरीत या तीन शब्दांचा अर्थ काय लागेल हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच लिहिलं. वारा येईल तशी पाठ द्यावी म्हणतात; मी तुझी पाठ दिली. त्यांच्यासोबतचा माझा फोटो बैठकीत आहे, आणि आयोनने त्यावर पशुखाद्याच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलंय. तिने कधी काही विचारलं नाही. महिना उलटला की तेवढं पान फाडते. मी तिच्यासमोर त्या भिंतीकडे बघत नाही. तुला मी चार वर्षं कॉफी पाजली आणि प्रत्येक कपाला वाटायचं, आज सांगू. लाज वाटते रे. पाप केल्याची वाटतेच, पण त्याहून जास्त वाटते ती तू ते पाप दागिन्यासारखं मिरवत होतास आणि मी ते बघत राहिलो याची.

आणि आता तुझं काम. आपल्याकडे सगळेच करतात तसा तू आणि आर्डिसने तुमचा थडग्याचा दगड हयातीतच घडवून घेतला, नावं आणि जन्मसाल कोरून शेवटची तारीख कोरी ठेवलीत, हे छान केलंत. नावाखाली तेच तीन शब्द हवेत, आणि "दगडावरची अक्षरंही आर्लोच्याच हातची" असा हट्ट धरलास, तेव्हा मी मान डोलावली. कारागीर मंगळवारी छिन्नी लावणार आहे. या पाकिटात दुसरा कागद आहे तो त्या अक्षरांचा. या खेपेला एकही अक्षर गाळलेलं नाही, आयोनकडूनही तपासून घेतलंय. शब्द खरे आहेत, तुझ्याइतके ते कुणालाच शोभत नाहीत. पण ते तुझ्या उशाशी कायमचे बसण्याआधी कुणाच्या हातातून आणि कशासाठी आले, हे तुला ठाऊक असायला हवं. आता कागद कारागिराला द्यायचा की चुलीत घालायचा, ते तू ठरव. तुझं तू ठरवतोस, हे लिहून देणाराही मीच होतो.

तुझ्या पाट्या रंगवणारा, आणि तू अजून म्हणू देत असशील तर,
तुझाच,
आर्लो