मोतालेब हुसेन यांच्या मानपत्राबाबत

प्रति,
मानद सचिव,
मराठी गौरव समिती, सिंगापूर,
जुरोंग ईस्ट.

विषय : मुक्तिवाहिनीचे माजी सैनिक श्री. मोतालेब हुसेन यांना दिलेले मानपत्र दुरुस्त करून मिळणेबाबत.

संदर्भ : (१) माझा नोव्हेंबरमधील अर्ज. (२) त्यावरील आपले एका ओळीचे उत्तर.

मानद सचिव महोदय,

१. मी कमलाकर शिवराम तोरसकर, भारतीय सेनेतील निवृत्त सुभेदार, सध्या मुक्काम यिशुन, मुलाकडे. अर्ज सविनय लिहायचा असतो, असे माझी सून विभा म्हणते. तिने यातले काही शब्द गाळायला लावले आहेत. ते आपली समक्ष भेट झाल्यास सांगेन.

२. श्री. मोतालेब हुसेन आमच्याच ब्लॉकमध्ये राहतात. एकाहत्तर साली ते पूर्व बंगालातल्या एका नावाड्याचा तरुण मुलगा होते आणि मुक्तिवाहिनीत लढत होते. पायाचे हाड गोळीने फुटले, ते आजही एसीत आखडते. पुढे पोटासाठी इथल्या गोदीत वेल्डर म्हणून आले, कलसोम नावाच्या मलय बाईंशी लग्न केले, सिंगापूरचे नागरिक झाले.

३. त्या युद्धात मी एकोणीस वर्षांचा सॅपर होतो. आमचे काम नदीवर पूल टाकण्याचे. पलीकडून मशीनगन चालू असताना लुंगी नेसलेली पोरे छातीभर पाण्यात आमचे दोर धरून उभी होती. त्यातली काही पाण्यातच राहिली. त्यांत मोतालेब होते असे मी म्हणत नाही; ते दुसऱ्या नदीवर होते. तिथे दुसऱ्या कुणा कमलाकरचा दोर त्यांनी धरला. आमच्या त्या एकत्र फौजेला मित्रवाहिनी म्हणत, आणि ढाक्यात शत्रूने शस्त्रे ठेवली ती दोन्ही सैन्यांपुढे. जे शत्रूला दिसले, ते आपल्या समितीला दिसू नये याचे नवल वाटते.

४. विजय दिवसाच्या सत्कारासाठी मी दोन नावे कळवली होती. माझे घेतलेत. मोतालेब यांच्याबाबत 'सदर गृहस्थ आपल्या सैन्यात नव्हते, मित्रराष्ट्राच्या सैनिकांसाठी नियमात तरतूद नाही' असे कळवलेत. नियम मला समजतो, माझी सगळी नोकरी नियमात गेली. परंतु व्यासपीठावर माझ्या शेजारी 'वीर' म्हणून बसवलेले श्री. प्रबोध कोणत्या सैन्यात होते? माझ्या माहितीनुसार त्यांनी कॉलेजात एनसीसीचा गणवेश घातला होता आणि समारंभाच्या जेवणाचा खर्च उचलला होता. त्यांना शाल घालताना निवेदिकेचा गळा दाटून आला. तो कोणत्या आघाडीच्या आठवणीने, याचा खुलासा व्हावा.

५. मोतालेब यांना मी पाहुणे म्हणून सोबत आणले होते. इस्त्रीचा कोट, छातीवर त्यांच्या देशाने दिलेले पदक. सत्कारमूर्ती म्हणून मला पुढून नेले. ते माझ्या मागून येत होते. मला नंतर कळले, दारावरचे आपले स्वयंसेवक आर्यन त्यांना म्हणाले, "अंकल, केटरिंगवाल्यांची एन्ट्री बॅकसाइडने आहे." मी आर्यनला दोष देत नाही. इथे बंगाली म्हणजे मजूर, आणि मजूर म्हणजे मागचे दार, हे तो पोरगा आईच्या पोटातून शिकून आलेला नाही. मोतालेब हसले आणि मागच्या दाराने गेले.

आपण तेव्हा भाषणात 'आपण एकट्याने एक देश जन्माला घातला' असे सांगत होतात. मी माइक मागितला. आपण म्हणालात, "काका, टाइम शॉर्ट आहे," आणि लेझीम सुरू झाली. मी उठून त्यांना शोधत निघालो. ते स्वयंपाकघराच्या दाराशी एप्रन बांधून भात वाढत होते. तिथल्या बाईंना पातेले एकटीने उचलवेना, म्हणून यांनी हात लावला आणि तिथेच राहिले. मला पाहून म्हणाले, "सुभेदारसाब, इधर आइए, चावल गरम है." मी त्यांच्याजवळ उभ्याने जेवलो. लाज मला वाटत होती. जिथे वाटायला हवी होती तिथे लेझीम चालू होती.

६. एवढ्यावर थांबला असतात तर हा अर्ज लिहिला नसता. परंतु पुढच्याच आठवड्यात आपल्या समितीने मोतालेब यांच्या घरी मानपत्र पाठवले. सोनेरी किनार, लाल शिक्का, सगळा मजकूर मराठीत : 'श्री. मोताबेल हुसेन यांस, भोजन विभागातील निःस्वार्थ सेवेबद्दल.' नावसुद्धा धड लिहिता आले नाही.

७. त्या घरात मराठी कुणालाच येत नाही. कलसोमबाईंनी मानपत्राला फ्रेम करवून ते दिवाणखान्यात लावले, शेजाऱ्यांना जेवायला बोलावले आणि मला म्हणाल्या, "तुमच्याच भाषेत मोठ्याने वाचा, मग अर्थ सांगा." मोतालेब कोट घालून, पदक लावून, खुर्चीत ताठ बसले होते. युद्धाचे मानपत्र आले, अशी सगळ्यांची समजूत होती.

मी उभा राहिलो आणि वाचले : 'मुक्तिसंग्रामात भारतीय जवानांच्या खांद्याला खांदा लावून लढलेले वीर मोतालेब हुसेन यांस, कृतज्ञ मराठी समाजाकडून.'

मी अर्थ सांगण्याआधीच मोतालेब यांनी मला थांबवले. म्हणाले, "कृतज्ञ? ये शब्द तो हमारे में भी है." आणि तो शब्द त्यांनी आपल्या उच्चारात बायकोला समजावून सांगितला. सांगताना त्यांना रडू आले. महोदय, आपल्या मानपत्रात तो शब्द नाही.

८. सबब विनंती की, मी वाचलेला मजकूर सोबत जोडला आहे, तो जसाच्या तसा छापून, सहीशिक्क्यानिशी, नाव शुद्ध लिहून द्यावा. फ्रेममधला कागद मी गुपचूप बदलून घेईन. त्यांची नात नादिया पुढच्या महिन्यात सुट्टीवर येत आहे. हल्लीच्या मुली कुठल्याही भाषेतल्या कागदावर फोन धरतात आणि तो वाचून घेतात.

९. मोतालेब यांना आपल्या सहीची गरज आहे, असा गैरसमज नसावा. त्यांनी जे केले ते आपण जन्माला येण्यापूर्वी करून ठेवलेले आहे. गरज समितीला आहे. नवा कागद वेळेत न आल्यास मी नादियाला स्वतःच सांगेन की, मुली, भिंतीवर लावले आहे ते खोटे, मी वाचले ते खरे.

फौजेच्या शिस्तीपुरता नम्र,

(सही)
सुभेदार कमलाकर शिवराम तोरसकर (निवृत्त)
यिशुन, सिंगापूर
दिनांक : २९ डिसेंबर २०२५

सोबत : (१) मानपत्राचा खरा मजकूर. (२) मला घातलेली शाल, परत. श्री. प्रबोध यांना जोडी होईल.