अकरा दिवसांचा काढा

तनुजा,

तू उठशील तोवर मी दवाखान्यात पोचलेली असेन. दहा वाजता समर्थच्या लिव्हरमध्ये सुई घालून तुकडा काढणार आहेत, त्याआधी डॉक्टरांना गाठायचंय. रिपोर्टातले आकडे चढले ते त्यानं गोळ्या चुकवल्या म्हणून नाही. काल तू त्याला एवढं बोललीस, तरी त्यानं माझं नाव घेतलं नाही. गेले अकरा दिवस तू ऑफिसला गेलीस की मी माझ्या लेकाला गुळवेलीचा काढा पाजत होते. झाडपाल्याचं काही देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हा मीच मान डोलावली होती. शिकल्यासवरल्या बाईला हे शोभत नाही, हे मला कळतं. तू आणखी सांगायला नको.

काढ्याची बाटली बरोबर नेतेय. पातेल्यातला काढा ओतू नकोस, तपासायला मागतील. उपमा झाकून ठेवलाय. बादली उचलू नकोस, तुझे टाके अजून दुखतात.

ऑपरेशनआधी माझं लिव्हर तपासून त्यांनी नको म्हटलं, आणि तुझं घेतलं. माझ्या हातचंही काहीतरी त्याच्या अंगी लागावं, एवढंच वाटलं होतं गं.

आई