साधा लाल झेंडा

अण्णा, संग्रहालयात आलेला एक झेंडा कोणी शिवला, हे मला आज लेखी द्यावं लागलं, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन एक्केचाळीस वर्षं झाली. मी आता न्यूझीलंडमध्ये लोअर हटला मुलाकडे असते आणि दर गुरुवारी इथल्या छोट्या संग्रहालयात जुन्या कापडांची नोंद करते. देशाचा झेंडा बदलायचा का, यावर इथे मतदान झालं, तेव्हा लोकांनी माळ्यावरचे जुने झेंडे आणून दिले. त्यातल्या एका पिशवीतून तुमचा निघाला. दोरीच्या बाजूला निळ्या दोऱ्याचा दुहेरी टाका मुंबईच्या गोदीतल्या शिलाई खात्यात फक्त तुम्ही घालत होता. लाल कापड, कोपऱ्यात इंग्रजांचं निशाण, बाकी काही नाही. आणणाऱ्या म्हाताऱ्याने जहाजाचं नाव सांगितलं आणि मी खुर्ची ओढून बसले.

त्या नावासरशी मी पुन्हा अकरा वर्षांची आहे. तुम्ही कात्री घेऊन बसला आहात आणि झेंड्यांच्या नियमांचं इंग्रजी पान माझ्या हातात आहे, कारण तुम्हाला इंग्रजी येत नाही. जहाजाचा मालक कोण, खलाशी कुठले, ते सोडून द्यायचं, नोंदणी कुठली तेवढं बघायचं, हे तुम्हीच शिकवलंत. नोंदणी न्यूझीलंडची. मी वाचते: वसाहतीत नोंदलेल्या जहाजाने साधा लाल झेंडा लावावा. अपवाद पानाच्या मागे होते. न्यूझीलंडच्या जहाजांना त्या लालवर चार पांढरे तारे हवेत. पुढे जहाज बंदरात अडलं, तक्रारीचं पत्र आलं. नियम कोणी वाचले, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा मी तुमचा डबा घेऊन दारातच उभी होते.

"मीच वाचले," तुम्ही म्हणालात.

"तू कधी इंग्रजी शिकलास रे?"

सगळं खातं हसलं. नोकरी गेली. घरी येऊन तुम्ही मला एवढंच म्हणालात, "अभ्यासाला बस." मी बसले, बी.ए. झाले, तीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि गप्प राहिले.

गेल्या गुरुवारी झेंडा टेबलावर पसरला, तेव्हा विटलेल्या कापडावर तीन ठिकाणी गडद लाल उरलेलं दिसलं. ताऱ्यांचे आकार. इथल्या प्रमुख बाई म्हणाल्या, तारे नंतर उसवले असतील. मी भिंग लावून धागा न् धागा पाहिला. सुईचं एकही छिद्र नाही. तिथे कधी काही शिवलेलंच नव्हतं, तरी ऊन तेवढ्या जागी पोचलं नव्हतं. मी असल्या गोष्टी मानत नाही. शिवणारा कोण असेल, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी माहीत नाही म्हटलं.

झेंडा ठेवलेली पेटी आज उघडली. किल्ली प्रमुख बाईंकडेच होती. तारे चार आहेत. त्यांनी मागच्या गुरुवारी काढलेला फोटो समोर ठेवून मोजले, परत मोजले, मग माझ्याकडे पाहत हळूच म्हणाल्या, "हा शिवणाऱ्याला तुम्ही ओळखता, हो ना?"

पान उलटायचं राहून गेलं, असं मी आयुष्यभर स्वतःला सांगत आले. खरं तसं नव्हतं. मागे काहीतरी छापलेलं मला दिसलं होतं. मला कंटाळा आला होता. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिता आलं. नोंदवहीत मात्र त्यांच्यासमोर इंग्रजीत लिहून सही केली, ते मराठीत उतरवते:

संग्रहालयाच्या ताब्यात आला: एक लाल झेंडा, हाताने शिवलेला. चार गडद तारे, टाक्यांची खूण नाही. शिवणारे माझे वडील. नियम वाचणारी मी.